रुमालाखालचं एक बोट

माझ्या मुलीने एक ड्रॅगन पाळला होता आणि त्याला कोणी भीत नव्हतं. तक्रार तिचीच होती.

दर रविवारी सकाळी वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचे चार मित्रमैत्रिणी येतात आणि हॉलमध्ये गोल करून बसतात. वर्षभर मला वाटत होतं, पत्त्यांसारखा काही डाव असेल. पण मध्ये पट नाही, पत्ते नाहीत. वीस बाजूंचे रंगीत फासे, कागद, पेन्सिली आणि तोंडाची टकळी. जग माझी मुलगी रचते: डोंगर, नद्या, राजे, बाजार. बाकीचे चौघे त्या जगातली माणसं होतात. एक चोर, एक मांत्रिक, एक तलवारवाली, एक वैदू. संकट आलं की आपण काय करणार ते त्यांनी सांगायचं, फासा टाकायचा, आणि पुढे काय झालं ते हिने सांगायचं. यात जिंकत कोणीच नाही. मी विचारलं होतं. जिंकत नसाल तर खेळता कशाला, हेही विचारलं होतं. त्यावर तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं तिची आई पाहते. आई नारायण पेठेतली आहे, तिला बोलावं लागत नाही.

मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरूनच काम. सोमवार ते शुक्रवार ती स्क्रीनशी बोलते, आमच्याशी ‘हो’ आणि ‘नको’. रविवारी मात्र तिचं हसणं लिफ्टपर्यंत ऐकू येतं. म्हणून मी तक्रार न करता चार पोरांचे पोहे करतो. पोहे मीच करतो, बायकोच्या हातचे मला तिखट लागत नाहीत.

तर एका गुरुवारी ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ग्रुपवर एकीने लिहिलं होतं की थोडं बोअर होतंय; दुसऱ्याने, या रविवारी एकदा खेळू, मग बघू.

पुण्यात ‘मग बघू’ म्हणजे नाही, हे मला वाघोलीत राहूनही कळतं.

“बाबा,” ती म्हणाली, “भीती कशी तयार करतात?”

तीस वर्षं मार्केट यार्डात सुक्या मिरचीचा व्यापार करतोय. आधी सहा वर्षं तिथेच पोती उचलली. मला लोकांनी भाव विचारले, भांडणं मिटवायला बोलावलं, पोलिसांनीही एकदा विचारपूस केली. पण माझ्या मुलीने मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी गॅस बंद केला.

“कोण घाबरत नाहीये?”

“माझे प्लेअर्स. माझ्या जगात एक ड्रॅगन आहे. डोंगराएवढा.”

“खातो काय?”

“गावं जाळतो.”

“जाळून खातो?”

“नाही. नुसती जाळतो.”

“कशाला?”

“दुष्ट आहे तो, बाबा.”

“अगं, इतकी वर्षं बाजारात काढली, नुसता दुष्ट माणूस मला अजून भेटायचाय. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. ते कळलं की सौदा होतो नाहीतर भांडण होतं. तुझ्या या ढेकणाला काही नकोच आहे, तर त्याच्याशी बोलायचं काय?”

तिने ते लिहून घेतलं. मी बोललेलं कोणी लिहून घेतंय हे पाहून मला जोर चढला. मी तिला खिडकीशी नेलं. खाली सोसायटीच्या गेटपाशी सात-आठ जण उभे होते, हातात मोबाइल, नजर रस्त्यावर.

“कशाला थांबलेत?”

“टँकरला.”

“टँकर आल्यावर काय होतं?”

“भांडण.”

“आणि आत्ता?”

ती बघत राहिली. कोणी बोलत नव्हतं. बी विंगचे काका ए विंगच्या काकांकडे बघत नव्हते. एरवी ते दोघं एकत्र फिरायला जातात.

“आत्ता जास्त भीती आहे,” ती हळूच म्हणाली. “अजून आला नाही म्हणून.”

“आणि कोणी वाईट आहे का त्यातलं?”

“नाही. पाणी कमी आहे.”

“मग हाकल तो ड्रॅगन.”

मलाच कुतूहल वाटायला लागलं. जग रचायचं म्हणजे आधी काय रचायचं? नदी की तहान? ती म्हणाली, तिने आधी नकाशा काढला होता. आमच्या बाजारात नकाशा मागाहून येतो. आधी माल कुठे अडतो ते कळतं, मग कळतं की तिथे घाट आहे. मग आम्ही दोघांनी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एक घाट काढला. पलीकडे मिठाची खाणगावं, अलीकडे शेतकरी गावं, मध्ये एकच वाट. दहा दिवसांत बर्फ पडणार आणि वाट बंद होणार.

“आता वाटेवर कोणीतरी हवं,” ती म्हणाली. “अडवणारं. पण त्याला काहीतरी हवं असणारं.”

तिथे मी माझी गोष्ट दिली. फुकट दिली. मी काही फुकट देत नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

माझा एक भागीदार होता. आम्ही दोघंही एकाच वर्षी हमालीला लागलो, एकाच पोत्याची दोन टोकं धरून. पुढे जोडीने धंदा उभा केला. शेतकऱ्याकडून मी माल घ्यायचो, गाळ्यावर बसून तो विकायचा. होता होता दोन गाळे झाले. एक नंबर कोपऱ्याचा, गेटसमोर. दोन नंबर आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक वाट चुकलं तरच येतं. मग दोघांची मुलं मोठी झाली, वाटण्या करायच्या ठरल्या. भोवती पंधरावीस माणसं जमलेली. सगळ्यांना उत्सुकता, कोपरा कोणाला? मी म्हटलं, तमाशा नको, हत्त्याने ठरवू.

हत्ता म्हणजे जुनी रीत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा, आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. आता ती रीत बंद आहे, पण आमचे हात त्यातच तयार झालेले. तर रुमालाखाली मी त्याचं एक बोट दाबलं. एक नंबर गाळा मला. त्याने माझ्याकडे चमकून पाहिलं, आणि पूर्ण हात दाबला. म्हणजे कबूल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर त्याने कोपऱ्याच्या गाळ्यात काट्याला हार घातलेला. आणि हा माणूस हसत हसत माझ्यासमोर पेढ्यांचा डबा घेऊन आला. मला! पेढे! मी तो डबा उडवला आणि त्याला सगळ्यांदेखत चोर म्हणालो. त्यानंतर बारा वर्षं झाली. तो गेटसमोर बसतो म्हणून मी मागच्या गेटने आत जातो.

मुलीने सगळं लिहून घेतलं. “पेढेसुद्धा घेऊ?”

“पेढे तर घेच. त्याशिवाय त्याचा निर्लज्जपणा कळायचा नाही.”

बायको दाराशी उभी होती. “अहो, मिरचीची धुरी दुकानात द्यायची ती घरात कशाला देताय?” एवढं म्हणून ती आत गेली.

रविवारी चौघे आले. मी पोहे करायला घेतले आणि कान हॉलमध्ये ठेवला. मुलगी अशी काही सांगत होती की मी मोहरी जाळली. घाटात दोन व्यापारी आहेत, पूर्वीचे भाऊभाऊ. एकाची सराई घाटाच्या तोंडाशी, दुसऱ्याची आत. दोघांनी आपापले पहारेकरी बसवलेत, कोणीच कोणाचा तांडा सोडत नाही. खाली गावांत मीठ संपलंय. बर्फाला दहा दिवस.

हॉलमध्ये कोणी मोबाइलकडे बघत नव्हतं. ज्याने ‘मग बघू’ लिहिलं होतं तो मांत्रिक विचारत होता, मीठ नसेल तर गुरांना काय होतं? मला बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं.

मग चोर बोलली. चोर म्हणजे मुलीची मैत्रीण, बारीकशी, चष्मेवाली, कॉलेजात शिकवते. ती तोंडाशी बसलेल्या व्यापाऱ्याकडे तपासाला गेली होती. माझ्या भागीदाराकडे.

“थांब हं,” ती म्हणाली. “याने दुसऱ्या दिवशी मधाच्या वड्या नेल्या? ज्याला फसवलं त्यालाच?”

“हो,” माझी मुलगी म्हणाली. पेढ्यांच्या तिने वड्या केल्या होत्या.

“का पण? बघ ना, मी चोर आहे. मी एखाद्याची जागा हडपली तर मी महिनाभर तोंड लपवीन. वड्या घेऊन कोण जातं? मला नाही वाटत याने चोरी केलीये.”

“मीठ चोळायला!” मी म्हणालो.

मी हॉलमध्ये होतो. हातात झारा होता. कधी आलो ते मला आठवत नाही.

“काका, हे खेळातलं...”

“खेळातलं कसलं! मार्केट यार्डातलं आहे! जखमेवर मीठ चोळायला आणले त्याने पेढे. आणि तू चोर ना? मग चोराचीच बाजू घेणार!”

आवाज माझा मुळातच पोत्यामागून हाक मारायचा. त्या खोलीत तो मावला नाही. मुलीचे कान लाल झाले. चष्मेवालीने “सॉरी काका” म्हणून आपले फासे पिशवीत भरले, एकेक, मोजून. बाराच्या आत सगळे गेले. पोहे तसेच.

बायको बाहेर आली, रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणाली, “घ्या. मिळाला एकदाचा ड्रॅगन.”

मुलगी रडली असती तर बरं झालं असतं. ती कागद गोळा करत बसली. मी म्हटलं, “मी बोलतो त्यांच्याशी. ग्रुपवर टाकतो.”

“तुम्ही ग्रुपवर काहीही टाकू नका.” मग कागद जुळवत, “बाबा, तिचा प्रश्न बरोबर होता. तिने मला विचारलं, त्या व्यापाऱ्याला काय हवं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी बनवून सांगणार होते. दुष्ट आहे, असं.”

“आहेच तो.”

“नुसता दुष्ट माणूस अजून भेटायचाय म्हणालात.”

माझं बोललेलं कोणी लिहून ठेवू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

“ते परत आले तर ती पुन्हा तेच विचारेल,” मुलगी म्हणाली. “आणि मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आले तर.”

ते ‘आले तर’ मला रात्रभर पुरलं. बारा वर्षांत मी त्या माणसाचं काय काय केलं नव्हतं मनात. पण त्याने पेढे का आणले हा प्रश्न म्हणून कधी विचारला नव्हता. माझ्यासाठी ते उत्तरच होतं.

सोमवारी मी पुढच्या गेटने आत गेलो.

सकाळची गर्दी ओसरली होती. तो गादीवर बसून नमुन्याची संकेश्वरी मिरची तोडून बी बघत होता. केस पांढरे झाले होते. रोज शंभर पावलांवर असून मला ते माहीत नव्हतं. माझ्या चपला दिसल्या तशी त्याने मान वर केली.

“शेठ,” तो म्हणाला, “रस्ता चुकला का?”

“एक विचारायचंय. माझ्यासाठी नाही. मुलीचा एक खेळ आहे, त्यासाठी.”

“कसला खेळ?”

“तुला नाही कळायचा.”

“मग विचार.”

मी बसलो नाही. त्यानेही बस म्हटलं नाही. “त्या दिवशी पेढे कशाला आणले होतेस?”

त्याने मिरची खाली ठेवली. हात पंचाला पुसले, फार सावकाश.

“तू मला कोपरा दिलास म्हणून.”

“मी दिला?”

“मग कोणी दिला? बोट तू दाबलंस.”

“एक दाबलं! एक नंबर मला म्हणून!”

“ओरडू नकोस, गिऱ्हाईक आहे. बोट दाबणारा मागतो का देतो?” तो म्हणाला. “खरेदीला तू जायचास. शेतकऱ्याच्या हातावर रुमाल टाकून तू चार बोटं दाबलीस, तर ते चार तू मागत होतास?”

उत्तर माझ्या हातालाच माहीत होतं. हत्त्यात दाबणारा कायम देणारा. दाबलं म्हणजे, इतकं देतो. उभ्या हयातीत मी रुमालाखाली कधी काही मागितलं नव्हतं, कारण घेणाऱ्याच्या बाजूने बोलायचं कामच माझं होतं. आणि समोर बसलेला आयुष्यभर विकणारा. त्याच्या बोटांना दुसरी भाषा येतच नव्हती. एक बोट. एक नंबर देतो.

“मला वाटलं तू चुकलास,” तो म्हणाला. “म्हणून बघितलं तुझ्याकडे. तू हसलास.”

हसलो होतो. कोपरा मिळाला म्हणून.

“घरी जाऊन आईला सांगितलं, भावाने कोपरा सोडला माझ्यासाठी. ती म्हणाली, असा माणूस मिळत नाही, आधी पेढे नेऊन दे. सकाळी तू डबा उडवलास. हमालांसमोर चोर म्हणालास.”

“मग सांगायचंस!”

“तू विचारायचंस.”

यावर मला राग आला. खरं सांगतो, तेव्हाही रागच आला. स्वतःचा राग आला की मला तो समोरच्याचा वाटतो. मी म्हटलं, “गाळा मागायला आलेलो नाही मी.”

“मागितलास तरी देणार नाही.”

“माहितीये.”

“चहा घेणार?”

“नको.”

पहिल्या बोलीला आम्ही दोघंही कधी हो म्हणत नाही. त्याने आधीच दोन सांगितले होते. उभ्याने पिता पिता मी त्याला खेळ सांगितला. तो म्हणाला, “मीठ अडवून धरलंय म्हणतोस खेळात, तर मग जनावरांचं काय करतात?” मी म्हटलं, तेच तो मांत्रिक विचारत होता.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. तिने वही काढून सगळं उतरवलं. मग म्हणाली, “पण ते यायला हवेत ना.”

इथे मला माझा धंदा उपयोगी पडला. “तू असं कर. माफी वगैरे मागू नकोस, ती मी समोर मागीन. चष्मेवालीला एवढंच लिही, वड्यांचं उत्तर सापडलंय, खरं आहे, आणि ते फक्त रविवारी खेळातच मिळेल. माल दाखवायचा नाही. वास द्यायचा.”

तिने लिहिलं. खुणा निळ्या झाल्या, पण तीन दिवस पलीकडून अक्षर नाही. मुलगी जेवताना मोबाइल पालथा ठेवायची आणि दर घासाला उलटून बघायची. शुक्रवारी दोन शब्द आले: ‘किती वाजता?’

रविवारी दहाला बेल वाजली. दार मी उघडलं. चष्मेवाली सगळ्यांत पुढे होती, फाशांची पिशवी छातीशी धरून, माझ्यापासून दोन फूट लांब.

“तुला चोर म्हणालो, ते चुकलं,” मी म्हणालो.

“पण मी चोरच आहे, काका,” ती म्हणाली, आणि मागचे तिघे हसले.

खेळ सुरू झाला. चोर थेट घाटाच्या तोंडाशी गेली आणि व्यापाऱ्याला वड्यांचं विचारलं. माझ्या मुलीने पाठ ताठ केली, हात गुडघ्यावर सावकाश पुसले (हे मी तिला सांगितलेलं नव्हतं, मी करून दाखवलं असणार) आणि म्हणाली, “भावाने मला कोपरा दिला म्हणून.”

चौघांची तोंडं बघण्यासारखी झाली.

“म्हणजे कोणीच...” मांत्रिक म्हणाला. “मग व्हिलन कोण?”

“बर्फ,” माझी मुलगी म्हणाली. “सहा दिवस राहिलेत.”

मग त्यांना हत्ता समजून घ्यायचा होता. मुलीने मला हाक मारली. मी स्वयंपाकघरातलं फडकं आणलं, सतरंजीवर बसलो, आणि चष्मेवालीसमोर हात धरला. वर फडकं. तिने माझं एक बोट दाबलं.

“आता मी मागितलं की दिलं?”

“दिलंस.”

“आणि मागायचं असेल तर?”

मी विचार केला. चौघे माझ्याकडे बघत होते, माझी मुलगीही, पेन्सिल धरून.

“त्याला खूण नाही,” मी म्हणालो. “ते फडकं काढून बोलावं लागतं.”

मुलीने ते लिहून घेतलं.

चोराने ठरवलं की ती तोंडाशी बसलेल्या व्यापाऱ्याला आतल्या सराईत घेऊन जाणार, समोरासमोर बसवणार. त्यासाठी फासा टाकायचा होता. पंधराच्या वर पडायला हवा. वीस बाजूंचा तो लाल फासा सतरंजीवरून माझ्या गुडघ्याला येऊन लागला. तीन.

“नाही येत म्हणाला तो,” माझी मुलगी म्हणाली.

एकच आरडाओरडा झाला. मांत्रिक म्हणाला हे चालणार नाही, तलवारवाली म्हणाली उचलून नेऊ, वैदू म्हणाला त्याच्या आईशी बोलू. एक वाजून गेला होता. ज्याने ‘मग बघू’ लिहिलं होतं त्यानेच बूट घालता घालता विचारलं, “पुढच्या रविवारी जरा लवकर जमूया का? नऊ?”

“नऊ,” माझी मुलगी म्हणाली, अगदी साधं, जणू तिला त्यात विशेष काहीच वाटत नव्हतं. दार लागल्यावर ती दाराला पाठ लावून तशीच उभी राहिली.

मग तिने वही उघडली. “बाबा, एक अडलंय. ते आता त्याला परत बोलवायला जातील. त्याला नक्की काय दिलं तर तो आतल्या गाळ्यात यायला तयार होईल? सराईत, म्हणजे.”

मी गार पोह्यांवर झाकण ठेवलं.

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.